पायाखाली नसलेला ब्रेक

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली जेमतेम साठ मीटरवर. चाळीस टनांचा भरलेला ट्रेलर बोरघाट उतरतो, तेव्हा साधारण 60 युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली कुठेतरी जिरवावीच लागते. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलं, तर ती लायनर आणि ड्रमच्या डोक्यावर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, घाबरून पुन्हा पुन्हा पेडल मारलं की ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते. बातमीतलं ‘ब्रेक फेल’ पुष्कळदा हेच असतं.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा. खालच्या गिअरला चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. पण डिझेल इंजिनात एक गोची आहे: पिस्टनने दाबलेली हवा लगेच उसळून पिस्टनला परत ढकलते, घेतलेलं बरंचसं परत देते. एक्झॉस्ट ब्रेक सायलेन्सरकडे जाणारी वाट झडपेने आवळून रोध वाढवतो. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना तो ओळखीचा.

त्याहून जबर उपाय अमेरिकन इंजिन-निर्माते क्लेसी कमिन्स यांचा. 1931 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत त्यांच्या ट्रकचे ब्रेक गेले. खाली रेल्वे फाटकावर मालगाडीची धडक थोडक्यात हुकली. निवृत्तीनंतर त्यांनी युक्ती काढली: हवा पुरती दाबली गेली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून ती सोडून द्यायची. 1961 मध्ये ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने हा ब्रेक बाजारात आणला. त्याच्या तडतडाटामुळे अमेरिकेतल्या कित्येक गावांनी वेशीवर बंदीच्या पाट्या लावल्या आहेत!

रिटार्डर मात्र मुकाट काम करतो. गिअरबॉक्सला जोडलेल्या पेटीत समोरासमोर पात्यांची दोन चाकं. एक प्रोपेलर शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं पक्कं. स्टिअरिंगजवळचा दांडा एकेक टप्पा ओढला की मधे तेल शिरतं. फिरतं चाक ते तेल उभ्या चाकावर आपटत राहतं आणि गाडी जड होते. घासणारं काहीच नाही, त्यामुळे झीज जवळपास नाही. उष्णता तेलातून कूलंटमध्ये आणि तिथून रेडिएटरला जाते. इथेच नवखे चुकतात: वरचा गिअर ठेवून सगळा भार रिटार्डरवर टाकतात. इंजिन मंद फिरलं की पाण्याचा पंपही मंद, मग तापमानाचा काटा चढतो आणि यंत्रणा स्वतःच जोर कमी करते. गिअर खालचाच हवा. विद्युतचुंबकीय रिटार्डरमध्ये तेलाऐवजी कॉइल आणि लोखंडी चकत्या असतात, तत्त्व निराळं, काम तेच.

मर्यादाही आहेत. जोर फक्त ड्राइव्हच्या चाकांवर येतो, तेव्हा पावसाळ्यात रिकामी गाडी असेल तर दांडा बेतानेच ओढावा. वेग मंदावला की तेलाच्या रिटार्डरचा जोरही ओसरतो. गाडी उभी करायला पायाचाच ब्रेक लागतो. तो थंड राखणं हेच या सगळ्या खटाटोपाचं प्रयोजन.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं? नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. ॲव्हरेजवरून ड्रायव्हरला बोलणाऱ्या मालकांनी एवढा हिशेब आधी स्वतः समजून घ्यावा.