जुन्या ट्रकचे बदललेले इंजिन आणि क्लचच्या तक्रारी

उन्हाळ्यात टंचाईग्रस्त वाडीवर येणाऱ्या टँकरची एक खेप चुकली, की त्या दिवशी चुलीवर आधण ठेवण्याचीही पंचाईत होते. ट्रक जुना असेल आणि त्याचे इंजिन नुकतेच बदललेले असेल, तर खेप चुकण्याचे कारण पुष्कळदा इंजिनात नसून क्लचमध्ये आढळते. 1 एप्रिल 2023 पासून शासन व पंचायती यांच्या मालकीच्या 15 वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. तथापि भाड्याने लावल्या जाणाऱ्या खाजगी ट्रकांबाबत हा प्रश्न कायम आहे.

पेट्रोलच्या ट्रकमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा जुनी आहे. पर्किन्स कंपनीचे पी-6 हे सहा सिलिंडरांचे इंजिन एकेकाळी अशा कामासाठी प्रसिद्ध होते. मात्र इंजिन बदलले तरी गिअरबॉक्स बहुधा जुनाच राहतो आणि या दोहोंच्या सांध्यावर क्लच असतो. इंजिनामागील फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. पेडल दाबताच फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, प्रेशर प्लेट किंचित मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते. हे सरकणे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते. फ्लायव्हीलची जाडी किंवा बेअरिंगची लांबी थोडी निराळी असली, तरी सारे गणित का बिघडते, हे यावरून ध्यानात येईल.

सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे क्लच न सुटणे. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, दहा सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. तरीही खरखर झाली, तर प्लेट मोकळी होत नाही असे समजावे. येथे बहुतेक मिस्त्री तडक गिअरबॉक्स उतरविण्याच्या तयारीला लागतात. ही घाई महागात पडते. प्रथम एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने फोर्कचे बाहेरील टोक किती सरकते ते पट्टीने मोजावे. ते माहितीपुस्तिकेतील मापापेक्षा कमी भरले, तर दोष बाहेरचा आहे. नळीत हवा शिरलेली असेल, दांडा आखूड असेल किंवा सिलिंडरांचा मेळ बसत नसेल. उदाहरणार्थ, पेडलकडील सिलिंडर 20 मिलिमीटर व्यासाचा आणि फोर्ककडील 25 मिलिमीटरचा असल्यास, पहिल्यातील दट्ट्या 25 मिलिमीटर सरकल्यावर दुसऱ्यातील केवळ 16 मिलिमीटर सरकतो. कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो.

फोर्क पुरेसा सरकूनही क्लच सुटत नसेल, तर मात्र आत पाहणे भाग आहे. प्लेट उलटी बसविल्यामुळे तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासणे, क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंग गिअरबॉक्सच्या शाफ्टला घट्ट होणे अथवा तो शाफ्टच लांब पडणे, ही येथील नेहमीची कारणे होत. बसविताना गिअरबॉक्सचा भार क्षणभर प्लेटवर लोंबकळला, तरी प्लेट वाकते. हे पाप नंतर कोणी कबूल करीत नाही!

क्लच घसरण्याची तक्रार निराळी. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रकचा वेग वाढत नाही. पेडलला मोकळी चाल न ठेवणे, प्लेटवर तेल गळणे, किंवा अधिक जोराच्या इंजिनाला पूर्वीचाच लहान क्लच जोडणे ही त्याची कारणे. भरलेला टँकर घाट चढताना हा दोष धोक्याचा ठरतो. गाडी सुटताना हादरत असेल, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग व बेल हाउसिंगची सरळ रेषा तपासावी.

जुन्या प्लेटच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

ट्रक भाड्याने घेण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार पूर्वमान्यतेविना इंजिन बदलल्यास मालकाने 14 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.