जुना डोंगा घेताना

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांना समुद्र नाही, पण नावेवाचून इथल्या माणसाचे अडते. वैनगंगा या दोन जिल्ह्यांची सीमा आखत खाली येते, वर्धा तिला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. पूर्वेला इंद्रावती आहे. गावोगावी मामा तलाव आहेत. इथे शिडाच्या होडीचे काम नाही. इथे चालतो तो लांबट, उथळ लाकडी डोंगा. मासे धरायला, पैलतीरावरच्या शेतात जायला, मिरची तोडणीच्या मजुरांना पोचवायला तोच लागतो.

नवा डोंगा सगळ्यांना परवडत नाही, म्हणून जुन्याचे व्यवहार होतात. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. डोंगा मात्र पुष्कळदा काठावर उभे राहूनच घेतला जातो. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीला निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि कुटुंबेच्या कुटुंबे उघडी पडली. अशा अपघातांमागे वारा, प्रवाह, गर्दी अशी अनेक कारणे असतात. त्यातली नावेची तपासणी ही गोष्ट तरी पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून आज तिच्याविषयी.

पहिली गोष्ट, डोंगा पाण्याबाहेर काढून, उलटा करून पाहा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली की तो वाकला आहे का, पिळला आहे का, ते लगेच कळते. मग लाकूड ठोका. चांगले लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. जिथे शंका येईल तिथे चाकूचे टोक टोचून पाहा. ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले तर तेवढी फळी गेली असे समजा.

कुज सगळीकडे सारखी लागत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. ओल साधारण २० टक्क्यांच्या आत असेल तर ती वाढत नाही, आणि कायम पाण्याखाली असलेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही. म्हणून जिथे कधी ओले, कधी कोरडे असते, तिथे आधी शोधा. पाण्याच्या रेषेवरची फळी, आतल्या फासळ्यांच्या खालच्या बाजू आणि दोन्ही टोके नीट तपासा. डोंगा उन्हाळाभर जमिनीवर पडून असेल तर वाळवीही पाहा.

खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे पडले असेल तर खिळा आत गंजला आहे. एकाच खोडातून कोरलेल्या डोंग्याला सांधे नसतात. तिथे टोकांकडच्या उभ्या चिरा पाहाव्यात. चिरेवर पत्रा ठोकलेला असेल तर तो उचलून पाहायला सांगा, कारण पत्र्याखाली ओल साचते. आणि कालपरवाच डांबर फासलेला डोंगा दाखवला, तर मी तरी आणखी चार ठिकाणी चाकू टोचून पाहीन.

आता पाण्याची परीक्षा. वैशाखात वाळलेल्या फळ्या आकसतात, त्यामुळे चांगला डोंगाही पहिल्या दिवशी गळतो. त्याला दोन दिवस पाण्यात राहू द्या, फळ्या फुगतील. मग आतले पाणी उपसून, पुसून कोरडा करा आणि तासभर तरंगत ठेवा. कुठून किती पाणी येते ते पाहा. विकणाऱ्याला ‘डोंगा गळतो का?’ असे विचारू नका. ‘भाऊ, दिवसाला किती डबे पाणी उपसता?’ असे विचारा. खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

थोडे पाणी आले तर काय बिघडते, असे लोक म्हणतात. इथेच खरा धोका आहे. तळाची जागा ३ चौरस मीटर धरली, तर ५ सेंटिमीटर पाण्याचे वजन १५० किलो होते, म्हणजे तीन माणसांचे. पण माणसे बसल्या जागी बसतात, पाणी बसत नाही. डोंगा जरा कलला की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि त्याला आणखी कलवते. गळका डोंगा बहुधा हळूहळू बुडत नाही. तो एकदम उलटतो.

वजनाचा हिशोबही सोपा आहे. पाण्यावर ४ चौरस मीटर जागा व्यापणारा डोंगा १ सेंटिमीटर खाली जायला ४० किलो वजन लागते. ५० किलोची ८ माणसे बसली की तो १० सेंटिमीटर खाली जातो. घेण्याआधी काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, धानाची पोती ठेवून हे पाहा. पूर्ण भार असताना पाण्यावर किमान एक वीत काठ उरला पाहिजे. उरत नसेल तर माणसे कमी करा, डोंग्याच्या अंगावर विसंबू नका.

कागदही पाहावेत. सागवान असेल तर ते डेपोतून घेतल्याची पावती मागा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली बेकायदा लाकूड बाळगणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांची स्थानिक पातळीवर नोंद करण्याची तरतूद आहे, तीही विचारून घ्या.

शेवटी विकणाऱ्यांना एक विनंती. दोष झाकून हजार-दोन हजार जास्त मिळतील. पण त्या डोंग्यात उद्या बसणारी माणसे बहुधा आपल्याच गावची, नाहीतर समोरच्या काठावरची, आपल्या सोयऱ्यांची असतील. गळणारी जागा बोटाने दाखवा, भाव त्याप्रमाणे कमी करा. आणि लाकूडच गेले असेल तर तो डोंगा विकू नका, फोडून चुलीत घाला.