चार मिनिटं, तीन मिनिटं, दोन मिनिटं

संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल विभागाच्या वर्गात दिवे लागलेत. उद्या तिसऱ्या वर्षाचे सेमिनार. मुलं-मुली हातात कागद धरून, भिंतीकडे तोंड करून पुटपुटताहेत. "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर अँड मॅडम, टुडे आय ॲम गोइंग टू प्रेझेंट..." हे एकच वाक्य चारी कोपऱ्यांतून ऐकू येतंय. इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम माझी मैत्रीण. तिच्या बोलावण्यावरून मी मागच्या बाकावर येऊन बसले आहे.

शिरोळ तालुक्यातली एक मुलगी फळ्यापाशी उभी राहते. विषय आहे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पहिली दोन वाक्यं सुरळीत जातात. तिसऱ्यात 'व्हिच इज'पाशी ती थांबते, मान वर करून छताकडे बघते, पुन्हा 'गुड मॉर्निंग'पासून सुरुवात करते आणि पुन्हा तिथेच अडते. स्लाइडवर अकरा ओळी आहेत. शेवटी ती आमच्याकडे पाठ करून त्या वाचायला लागते.

मॅडम उठून तिच्या हातातला कागद काढून घेतात. प्रोजेक्टर बंद करतात.

"आता मला मराठीत सांग. बंधारा काय करतो?"

मुलगी जरा चाचरते, आणि मग सुटते. "मॅडम, पावसाळा सरला की खांबांच्या खाचंत बर्गे घालायचे. दोन ओळी घालायच्या, मधी माती भरायची, म्हणजे पाणी गळत न्हाई. वरल्या अंगाला पाणी तुंबतंय, उसाला मिळतंय. मिरगाच्या आधी बर्गे काढायचे. न्हाई काढलं तर गाळ बसतोय."

हे सगळं एका दमात. खांब, खाच, माती, गाळ, सगळं तिच्या हातांतून दिसतंय. हिला विषय येत नाही असं कोण म्हणेल?

"आता एवढंच इंग्रजीत. वाक्यं लहान. चुकलीस तरी मागे जायचं नाही."

"आफ्टर मॉन्सून... वी पुट प्लँक्स... बिट्वीन द पिअर्स. टू रोज. इन बिट्वीन, क्ले. सो वॉटर डझ नॉट लीक."

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण बोलता बोलता विचार करत वाक्याच्या टोकाला पोचतो. इंग्रजीत कर्ता म्हटला की लगेच क्रियापद हजर लागतं. ते ऐनवेळी सापडलं नाही की मूल पहिल्याच पावलाला थबकतं, आणि समोरच्याला वाटतं की याचा अभ्यासच झालेला नाही. लहान वाक्यात ते क्रियापद हाताशी राहतं. 'वी पुट', 'वी रिमूव्ह', 'वॉटर फ्लोज'. बंधारा समजावायला याहून फार क्रियापदं लागतही नाहीत.

मॅडम आता सगळ्यांना जोड्यांनी उभं करतात. प्रत्येकाने आपला विषय एका मित्राला चार मिनिटांत सांगायचा. मग जोडीदार बदलायचा आणि तेच तीन मिनिटांत. मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. कागद कुणाच्याच हातात नाही. ही पद्धत कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तिचं मर्म माणूस बदलण्यात आहे. ऐकणारा नवा असतो, त्यामुळे तीच गोष्ट पुन्हा सांगायला खरं कारण मिळतं. वेळ कमी होत जातो, तसं जिभेवर आधीच बसलेलं वाक्य पटकन येतं आणि डोकं मोकळं होतं.

वर्गात प्रचंड गलका आहे. शेजारच्या खोलीतून शिपाईमामा डोकावून जातात. चार मिनिटांच्या फेरीत शिरोळची मुलगी दर वाक्याला थांबतेय. तीन मिनिटांच्या फेरीत ती हात वापरू लागलीय. दोन मिनिटांच्या फेरीत समोरचा मुलगा मध्येच विचारतो, "व्हाय क्ले?" आणि ती न थांबता सांगते, "गॅप्स आर देअर, ना!" व्याकरण बघा हवं तर, मला त्या 'ना'मध्ये तिचा सूर सापडलेला दिसतोय.

मग थोडी उपयोगाची वाक्यं. प्रश्न कळला नाही तर, "सर, कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" शब्द आठवला नाही तर, "लेट मी शो यू ऑन द ड्रॉइंग." ही मात्र मॅडम पाठच करून घेतात. अकरा ओळींची स्लाइड जाते, तिथे खांबाचं आणि खाचेचं आकृतिचित्र येतं. उच्चारांवर फार वेळ जात नाही. बंधाऱ्याच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार 'विअर' असा, एवढं सांगून मॅडम पुढे जातात. मला हे पटतं. विदेशी धाटणी आणायच्या नादात मुलं तोंड उघडेनाशी होतात.

निघताना मी मुलीला विचारते, शाळेत इंग्रजी बोलायला मिळायचं का? "कविता म्हणायचो की सगळी मिळून," ती म्हणते, "पर आपलं आपण उभं राहून काय सांगितलं न्हाई कधी." महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ही मुलगी त्यानंतर जन्मलेली. एवढ्या वर्षांत तिला कुणी दोन मिनिटं उभं राहून बोलू दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमिनार हॉल. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. पहिल्या रांगेत गाइड आणि बाहेरून आलेले परीक्षक. हिच्या आधीचा मुलगा दुसऱ्या तुकडीतला, काल संध्याकाळी नसलेला. पाठ केलेलं घडाघडा म्हणतो आणि मध्येच थांबतो. हॉलमध्ये कुणीतरी हसतं. परीक्षक घड्याळाकडे बघतात. "ओके, नेक्स्ट."

तो मुलगा खाली मान घालून जागेवर जातो. १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गातली धास्ती मोजायला तेहतीस विधानांची प्रश्नावली केली. तयारीवाचून बोलावं लागण्याची घबराट आणि बाकीचे हसतील ही भीती, दोन्ही तिच्यात आहेत. त्या आत्ता इथे माझ्यासमोर घडताहेत. त्या मुलाला एक साधा प्रश्न विचारला असता, तर तो त्या आधाराने बोलला असता. मला राग येतो आणि तो आवरावा असं वाटत नाही.

आता शिरोळची मुलगी. आवाज कापतोय. तिसऱ्या वाक्याला ती अडखळते, आणि लगेच आकृतीकडे वळते. "लेट मी शो यू." तिथून गाडी चालू लागते. बर्गे कधी घालायचे, कधी काढायचे, गाळ कसा वाहून जातो, सगळं येतं. काही क्रियापदांचा 'एस' गळतो, 'द' कुठेही लागतो. कळत मात्र सगळं जातं.

परीक्षक भरभर इंग्रजीत काहीतरी विचारतात. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नाही. मग, "सर, कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" ते सावकाश विचारतात: पूर आल्यावर बंधाऱ्याचं काय?

"सर, बिफोर मॉन्सून वी रिमूव्ह ऑल प्लँक्स. वॉटर गोज बिट्वीन द पिअर्स. इन बिग फ्लड, वॉटर गोज ओव्हर ऑल्सो." ती थांबते आणि स्वतःहून पुढे बोलते. "ॲट राजाराम बंधारा, कोल्हापूर, पीपल सी द वॉटर लेव्हल. थर्टी नाइन फीट इज वॉर्निंग. फॉर्टी थ्री फीट इज डेंजर. इन माय व्हिलेज, एव्हरीबडी नोज धिस नंबर."

हॉल शांत आहे. पंचगंगेच्या काठच्या माणसाला ३९ आणि ४३ कुणी शिकवावे लागत नाहीत. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरांत ते घराघरांत मोजले गेलेत. परीक्षक मान हलवतात, गुण लिहितात. "ग्रामर इम्प्रूव्ह करा," म्हणतात. ती "येस सर" म्हणून बसते.

व्याकरण सुधारेल, ती सुधारेलही. पण महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझं एवढंच मागणं आहे: सेमिनारच्या आधी प्रत्येक तुकडीला एक संध्याकाळ द्या, कागद काढून घ्या आणि तीन वेगळे श्रोते समोर उभे करा. आणि परीक्षकांनो, मूल थांबलं तर घड्याळाकडे बघू नका. त्याला येतो असा एखादा प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.