चालण्याचा ताल आणि चालण्याची आज्ञा

मांजर चालू लागते तेव्हा कोणता पाय केव्हा उचलावा, हे मेंदू प्रत्येक पावलागणिक ठरवितो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मेंदूशी संबंध तोडलेला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनांनाही मुकलेला मेरुरज्जू स्वतःच पायांचे स्नायू आलटूनपालटून आकुंचित करू शकतो, हे टॉमस ग्रॅहॅम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९११ साली दाखवून दिले. पुढे १९६६ मध्ये शिक, सेव्हेरिन व ऑर्लोव्स्की या सोव्हिएत संशोधकांनी प्रमस्तिष्क अलग केलेले मांजर फिरत्या पट्ट्यावर ठेवून, मेंदू व मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभातील एका लहानशा भागाला विद्युत्-चेतना दिली. मांजर चालू लागले. चेतना वाढविताच ते दुडक्या चालीने, नंतर चौखूर धावू लागले. म्हणजे आज्ञा व वेग वरून येतात, ताल खाली निर्माण होतो.

परंतु हा व्यवहार एकतर्फी नव्हे. लॅम्प्रे या जबडेहीन जलचरात मेरुरज्जू आपल्या तालाची वर्दी मस्तिष्कस्तंभाला सतत देत असतो आणि त्यामुळे वरून येणारे संदेशही लयबद्ध होतात. मेरुरज्जू तुटला की हा संवाद खंडित होतो, ताल मात्र नष्ट होत नाही. म्हणूनच अशी मांजरे सरावानंतर फिरत्या पट्ट्यावर मागील पायांनी पुन्हा पावले टाकू शकतात.