साधा पुष्कराज म्हणजे काय?



पुष्कराज हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गुरू ग्रहाचा खडा म्हणून तो तर्जनीत घालतात. नवरत्नांतही त्याला मानाचे स्थान आहे. परंतु बाजारात हा एकच शब्द निदान तीन निरनिराळ्या दगडांसाठी वापरला जातो, आणि त्यांच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर असते. त्यात ‘साधा’ किंवा इंग्रजीतले ‘कॉमन’ हे विशेषण लागले, की घोटाळा अधिकच वाढतो. खडा लाभतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात मी शिरत नाही. पण श्रद्धाळू माणसालाही मागितलेलाच दगड मिळाला पाहिजे, एवढे तर आपण सर्वजण मान्य कराल.

प्रथम हे तीन दगड पाहू. पहिला पिवळा कुरुंद. माणिक आणि नीलम हे याचेच सख्खे भाऊ. म्हणून त्याला ‘पिवळा नीलम’ असेही म्हणतात. श्रीलंकेतला खडा यात प्रसिद्ध आहे. आपले सराफ ज्याला अस्सल पुष्कराज म्हणतात, तो बहुधा हाच. दुसरा दगड टोपाझ. ॲल्युमिनियम, सिलिका आणि फ्लोरिन यांच्या संयोगातून तो बनतो. ब्राझीलमधील ओरो प्रेतो भागातला नारिंगी-सोनेरी टोपाझ फार मोलाचा समजतात. तिसरा दगड म्हणजे पिवळा स्फटिक. आपल्याकडे त्याला सुनेला आणि इंग्रजीत सिट्रीन म्हणतात. बाजारातला पुष्कळसा सुनेला जांभळा स्फटिक भट्टीत तापवून पिवळा केलेला असतो.

तीन वस्तूंना एक नाव कसे पडले? याचे कारण असे, की पूर्वी दगडाची ओळख मुख्यतः रंगावरून होत असे. संस्कृतात ‘पुष्पराग’ हा शब्द आहे. त्यातच फुलाच्या रंगाची कल्पना आहे. तिकडे रोमन लेखक प्लिनी ज्याला टोपाझ म्हणतो, तो तांबड्या समुद्रातल्या एका बेटावरचा दगड. तेथे सापडतो तो हिरवट रंगाचा पेरिडॉट. म्हणजे आजचा टोपाझ नव्हेच. पुढे युरोपात पिवळ्या कुरुंदाला ‘पूर्वेकडचा टोपाझ’ आणि पिवळ्या स्फटिकाला ‘पश्चिमेकडचा टोपाझ’ म्हणू लागले. तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने १६६५ साली औरंगजेबाचे जडजवाहीर पाहिले. त्यातला एक मोठा टोपाझ गोव्यात १ लाख ८१ हजार रुपयांना घेतला होता, असे त्याने नमूद केले आहे. त्या काळच्या व्यवहारात हा शब्द पिवळ्या कुरुंदालाही लागत असे, हे ध्यानात ठेवूनच ती नोंद वाचली पाहिजे.

आता ‘कॉमन टोपाझ’ या शब्दाकडे वळू. याचा एक अर्थ असा, की दगड खरोखर टोपाझच, पण फिक्या रंगाचा किंवा बिनरंगी, मुबलक मिळणारा. दुसरा अर्थ जुन्या व्यापारातला: टोपाझ नव्हेच, तर पिवळा स्फटिक. गाईचे तूप आणि म्हशीचे तूप या तुपाच्याच दोन जाती. पण वनस्पती तूप हे तूप नव्हे. ‘कॉमन’ हा शब्द कधी पहिल्या जातीचा असतो, कधी दुसऱ्या. ‘स्मोकी टोपाझ’चेही तसेच; तो बहुधा धुरकट स्फटिक असतो.

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे कागदावरचे विशेषण आधी वाचण्याची मला सवय लागली आहे. मुंबईच्या गिरण्यांत ‘कायम’ आणि ‘बदली’ कामगार एकाच साच्यावर तेच काम करीत. पण आज काम मिळणार की नाही, हे बदलीवाल्याला रोज गिरणीच्या दारात उभे राहून पाहावे लागे. एका विशेषणात एवढी ताकद असते. बोनसच्या पैशातून अंगठी घेणाऱ्या माणसाने तर हे विसरूच नये.

दगड ओळखण्याचे शास्त्र मात्र रंगावर थांबलेले नाही. फ्रिडरिश मोस याने १८१२ साली काठिण्याची मोजपट्टी ठरविली. तीत स्फटिक ७ वर, टोपाझ ८ वर आणि कुरुंद ९ वर आहे. पण म्हणून घरी खडा घासून पाहू नका. खडा विद्रूप होतो, आणि टोपाझ तर एका दिशेने ठोका बसताच सरळ चिरतो. त्याहून निर्धोक कसोटी वजनाची. कुरुंद पाण्याच्या सुमारे ४ पट, टोपाझ साडेतीन पट आणि स्फटिक २.६५ पट जड असतो. म्हणून ८ कॅरटचा सुटा खडा पाण्यात बुडवून तोलला, तर कुरुंद सुमारे ६ कॅरट, टोपाझ ५.७ आणि स्फटिक ५ कॅरट भरतो. खडा तापवून रंगविला आहे काय, हे मात्र तराजू सांगत नाही. त्यासाठी मुंबई, जयपूर येथे रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत.

सोन्यावर हॉलमार्क आहे, म्हणून निश्चिंत राहू नये. तो छाप सोन्याच्या शुद्धतेचा आहे, खड्याचा नव्हे. सराफाने सुनेला हा ‘उपरत्न’ म्हणून त्याच्या भावाने उघडपणे विकला, तर त्यात तक्रारीला जागा नाही. सुनेलाही सुंदर असतो. तक्रार आहे ती एकाचे नाव घेऊन दुसरा देण्याविषयी. म्हणून बिलावर नुसते ‘पुष्कराज’ लिहून घेऊ नका. ‘नैसर्गिक पिवळा नीलम’, ‘नैसर्गिक टोपाझ’ की ‘सिट्रीन’, हे स्पष्ट लिहवून घ्या. खड्यावर काही प्रक्रिया केली आहे काय, तेही लिहवा. वजन कॅरटमध्ये मागा. कॅरट जगभर २०० मिलिग्रॅमचाच असतो, रत्ती मात्र ठिकठिकाणी बदलते. पुढे फसवणूक आढळली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते. तेथे दुकानदाराचे तोंडी शब्द सिद्ध करणे कठीण जाते. बिलावरचा शब्द उपयोगी पडतो.