दाढीवाला सरडा, पाळीव
ॲगॅमिडी कुलातील ह्या सरड्याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स असून तो ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील आहे. आपल्याकडील बागेतला सरडाही ह्याच कुलातील होय. प्रौढाची लांबी शेपटीसह ४५–६० सेंमी. असल्याने पेटी किमान १२०×६०×६० सेंमी. असावी व तीत एकच प्राणी ठेवावा. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८°–४२° से. व दुसऱ्या टोकाला सु. २५° से. तापमान राखतात, सरडा आपली जागा स्वतःच निवडतो. जंबुपार किरणांचा स्वतंत्र दिवा अत्यावश्यक आहे. त्याच्या अभावी ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ होऊन वाकतात. खिडकीतले ऊन येथे उपयोगी पडत नाही, कारण काच हे किरण अडविते. पनवेलसारख्या कोकणातील गावी खरी अडचण उष्णतेची नसून दमटपणाची आहे. ह्या प्राण्याला ३०–४०% सापेक्ष आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती तेथे बहुधा ८०% च्या वर असते. कोंदट पेटीत श्वसनमार्गाचे विकार जडतात. म्हणून पेटीच्या दोन बाजूंना जाळी लावून हवा खेळती ठेवावी. तळाशी वाळू न पसरता कागद घालावा. तो ओला होताच बदलता येतो, शिवाय वाळू गिळल्याने आतडे तुंबण्याचा धोकाही टळतो.