फवाऱ्याने वाढणारी मुंगी

बहरीनच्या मनामा शहरातल्या एखाद्या फ्लॅटच्या ओट्यावर चिमूटभर साखर सांडली, की जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या पिवळसर मुंग्यांची रांग लागते. ही बहुधा फॅरो मुंगी. इजिप्तमधून आलेल्या नमुन्यांवरून लिनियसने १७५८ मध्ये तिचे बारसे केले. आज ती जगभर माणसांच्या घरांत भाडे न देता राहते. बहरीनच्या उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, पण भिंतीच्या पोकळीत किंवा नळाच्या पाइपामागे तिला ऊब आणि ओल दोन्ही मिळतात.

फॅरोच्या कामकरी मुंगीला अंडाशयच नसते. एवढे जन्मतःच ठरते. ती पुढे कशी वागेल, हे मात्र भोवतालच्या मुंग्यांवर अवलंबून असते. राण्या भरपूर अंडी घालत असतात, तोवर कामकरी मुंग्या भावी राण्यांच्या अळ्या खाऊन टाकतात. राण्या नाहीशा झाल्या, की तशाच अळ्या जिवापाड जपतात. जनुके तीच, फक्त घरातली परिस्थिती बदललेली.

रांगेचेही तसेच. वाट गंधाने आखली जाते आणि तिला साधारण ५० ते ६० अंशांचे फाटे फुटतात. या कोनावरून मुंगीला घराची दिशा कळते. ज्या फाट्यावर खाणे नसते, तिथे ‘इकडे येऊ नका’ असा वेगळा गंध लावला जातो, हे शेफिल्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. गंध सोडण्याची आणि ओळखण्याची क्षमता उपजत. तो कुठे लावायचा हे साखर ठरवते.

तरी सगळ्या वसाहती एकसारख्या नसतात. वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून वाढवलेल्या वसाहतींचा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाला. अन्नशोध आणि नवी जागा धुंडाळण्याची हौस यांतला काही फरक आनुवंशिक असतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. म्हणजे स्वभाव एकेका मुंगीचाच नव्हे, अख्ख्या वसाहतीचाही असतो.

घरमालक मात्र वसाहत विसरून समोरची रांगच मारायला जातो, आणि चूक इथेच होते. फवारा मारला, की रांगेतल्या मुंग्या मरतात, पण आत बिथरलेली वसाहत फुटते. मूठभर कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून दुसऱ्या भिंतीत जातात आणि तिथे नव्या राण्या वाढवतात. एका घराचा त्रास शेजाऱ्यांच्या घरी पोचतो. त्यापेक्षा थोडे बोरिक अ‍ॅसिड मिसळलेले गोड आमिष मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. मुंग्याच ते राण्यांपर्यंत नेतात. मात्र काही आठवडे धीर धरावा लागतो, आणि तोवर फवाऱ्याला हात लावायचा नाही.